उंची धरणे आणि उंची राखणे : लहान विमानातील ऑटोपायलटच्या निमित्ताने

१

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस छावणी आहे आणि पूर्वेस चिकलठाण्याचा विमानतळ. तेथील धावपट्टी स्थूलमानाने पूर्व-पश्चिम असल्यामुळे पश्चिमेकडून उतरावयास येणारी विमाने छावणीच्या दक्षिणेकडील आकाशात दृष्टीस पडतात. छावणीच्या मोकळ्या मैदानात उभ्या असलेल्या एखाद्या गृहस्थाने असे विमान पाहून “ते किती उंचीवर असेल?” असा प्रश्न केला, तर त्याचे एकच उत्तर असणार अशी त्याची स्वाभाविक समजूत असते. वस्तुतः या प्रश्नाची अनेक उत्तरे संभवतात आणि ती सर्व एकाच वेळी खरी असू शकतात.

समजा, वैमानिकापुढील उंचीमापकाचा काटा ४,९०० फूट दाखवीत आहे. हे माप समुद्रसपाटीपासूनचे. छावणीची जमीन मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच. म्हणून त्या गृहस्थाच्या मस्तकावर विमान सुमारे ३,००० फुटांवरच आहे. उंचीमापकाला त्या दिवसाच्या स्थानिक दाबाऐवजी सर्व जगाने मान्य केलेला प्रमाण दाब पुरविला, तर काटा तिसराच आकडा दाखवील. आणि वैशाखातल्या तापलेल्या दुपारी विमानाचे पंख व इंजिन ज्या विरळ हवेत काम करतात, त्या हवेच्या हिशेबाने चौथाच आकडा निघेल.

व्यवहारातील मराठी या चारही मापांना ‘उंची’ असेच म्हणते. विमानविद्येच्या इंग्रजीत मात्र समुद्रसपाटीपासूनची ती ‘ऑल्टिट्यूड’, खालच्या जमिनीपासूनची ती ‘हाइट’, खुद्द जमिनीची ती ‘एलेव्हेशन’ आणि प्रमाण दाबावरून मोजलेली ती ‘फ्लाइट लेव्हल’ असा विवेक केलेला आहे. घर, झाड वा डोंगर यांविषयी बोलताना असा भेद न केल्याने काही बिघडत नाही. परंतु लहान विमानातील ऑटोपायलटवर ‘ऑल्ट’ अशी अक्षरे असलेले एक बटन असते. ते दाबले म्हणजे यंत्र ‘उंची कायम ठेवते’, असे विद्यार्थ्याला सांगितले जाते. बारामती, गोंदिया यांसारख्या ठिकाणी विमानविद्येचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांपैकी ज्यांचे विचार मराठीतून चालतात, त्यांच्या मनात येथे एक प्रश्न उपस्थित व्हावयास हवा : यांपैकी कोणती उंची? या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असणे व नसणे यांत कित्येकदा जीविताचे अंतर असते.

२

प्रथम शब्दाचा विचार करू जाता असे दिसते की, ‘उंची’ हे नाम वरकरणी वस्तूचा गुण सांगते, पण त्याचा अर्थ दोन पदांवाचून पुरा होत नाही. ज्याची उंची ते एक पद आणि जेथून ती मोजावयाची ते दुसरे. हे दुसरे पद मराठीत ‘-पासून’ या शब्दयोगी अव्ययाने व्यक्त होते; मात्र ते बहुधा अध्याहृत राहते. ‘देवगिरीचा डोंगर सुमारे २०० मीटर उंच आहे’ या वाक्यात ‘भोवतालच्या मैदानापासून’ हे पद गाळलेले आहे. ‘कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे’ या वाक्यात ‘समुद्रसपाटीपासून’ हे पद गाळलेले आहे. दोन्ही वाक्यांची रचना एक, शब्द एक. पण मोजण्याचा आरंभ निराळा. ऐकणारा संदर्भाने तो ओळखतो. यंत्राला मात्र संदर्भ कळत नाही. गाळलेले पद त्याला कोणीतरी पुरवावे लागते.

हे पद आकाशात सर्वांना समान असावे याकरिता फार मोठी व्यवस्था उभारलेली आहे. एकमेकांवरून जाणाऱ्या विमानांत सामान्यतः १,००० फुटांचे अंतर ठेवले जाते. ते अंतर म्हणजे दोन आकड्यांमधील वजाबाकी होय, आणि दोन्ही आकडे एकाच मुळापासून मोजलेले असतील तरच त्या वजाबाकीला अर्थ असतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे १५,००० फुटांच्या पातळीवर राहण्यास सांगितलेले कझाकस्तानचे विमान त्याखाली उतरले आणि १४,००० फुटांवर असलेल्या सौदी विमानावर आदळले. दोन्ही विमानांतील सर्व ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. उंचीचा आकडा केवळ यंत्राच्या तबकडीवरील खूण नव्हे. तो इतरांना दिलेला शब्द असतो, ही गोष्ट या घटनेवरून ध्यानात यावी.

३

आता यंत्राकडे वळू. विमानातील उंचीमापक हा मूलतः वायुभारमापक आहे. त्यात हवा काढून घेतलेली, पातळ धातूची एक बंद डबी असते. विमान वर गेले की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि डबी किंचित फुगते. खाली आले की आकसते. ही सूक्ष्म हालचाल दातेरी चाकांच्या द्वारे काट्यापर्यंत पोहोचते. अर्थात यंत्र मोजते तो दाब. तबकडीवर लिहिलेले फूट हा त्या दाबाचा अनुवाद होय. कोणत्याही अनुवादाप्रमाणे याही अनुवादामागे काही गृहीते आहेत. समुद्रसपाटीवर दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल व तापमान १५ अंश सेल्सिअस असून दर १,००० फुटांमागे तापमान सुमारे २ अंशांनी घटते, अशी एक ‘प्रमाण हवा’ कल्पिलेली आहे. प्रत्यक्षातील हवा क्वचितच तशी असते.

म्हणून उंचीमापकावर एक लहानशी कळ असते. ती फिरवून वैमानिक त्या वेळचा स्थानिक दाब यंत्राला कळवितो. त्यासाठी ‘क्यूएनएच’ व ‘क्यूएफई’ या दोन संज्ञा रूढ आहेत. ही अक्षरे कोणत्याही शब्दांचे संक्षेप नसून बिनतारी संदेशांच्या जुन्या सांकेतिक भाषेतून आलेली आहेत. पहिल्या प्रकारचा दाब लावला असता चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाचा काटा सुमारे १,९१० फूट दाखवितो. दुसऱ्या प्रकारचा लावला असता शून्य. विमान जेथल्या तेथे असते. बदलते ते फक्त वर सांगितलेले ‘-पासून’चे पद.

ऑटोपायलटचा इतिहास मात्र उंचीपासून सुरू होत नाही. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी याने आपले विमान दोन्ही हात वर करून उडवून दाखविले. त्याच्या यंत्रात वेगाने फिरणारी चक्रे होती. विमान डावी-उजवीकडे कलले वा नाक वर-खाली झाले तर ते सावरणे एवढेच त्या यंत्राचे काम. विमान समतोल आहे याचा अर्थ ते त्याच उंचीवर आहे असा होत नाही. समतोल स्थितीतही ते हळूहळू खाली जात असू शकते. उंची धरावयाची तर चक्रांच्या जोडीस दाब ओळखणारी डबी असणे अवश्य ठरते. १९३३ च्या जुलैत वायली पोस्ट याने स्पेरी कंपनीच्या ऑटोपायलटच्या साहाय्याने एकट्याने आठ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्या आदल्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. त्यांच्या लहानशा पस मॉथ विमानात असे कोणतेही साधन नव्हते. सबंध प्रवासभर उंची सांभाळण्याचे काम त्यांच्या डोळ्यांनी व हातांनीच केले.

आजच्या लहान विमानातील यंत्रणेचे कार्य पुढीलप्रमाणे चालते. बटन दाबल्याच्या क्षणी बाहेर जो दाब असेल तो यंत्र स्मरणात ठेवते. त्यानंतर प्रत्येक क्षणी प्रत्यक्ष दाबाची त्याच्याशी तुलना करते. दाब वाढला, म्हणजे विमान खाली सरकले, तर एक विजेची मोटर शेपटीवरील एलिव्हेटर हलवून नाक थोडे वर करते. दाब घटला तर नाक खाली करते. फरक किती आहे, तसेच तो किती वेगाने वाढत आहे, या दोहोंचा ते विचार करीत असल्यामुळे विमान हेलकावे न घेता पूर्वस्थानी येते. जेथे ट्रिमही विजेवर चालतो, तेथे एलिव्हेटरवरील कायमचा ताण कमी करण्याचे कामही यंत्रच करते.

यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. यंत्र धरते ती समुद्रापासूनची उंची नव्हे, जमिनीपासूनची तर नव्हेच. ते एक दाब धरते. साध्या बनावटीच्या यंत्रांत, बटन दाबल्यानंतर वैमानिकाने उंचीमापकाची कळ फिरविली, तर काटा हलतो पण विमान हलत नाही, कारण ऑटोपायलटची दाब ओळखणारी डबी निराळी असते. काही यंत्रांत तर स्थानिक दाब उंचीमापकाला एकदा व ऑटोपायलटला पुन्हा स्वतंत्रपणे कळवावा लागतो. आपल्या विमानात कोणती रीत आहे हे पुस्तिकेत वाचून ठेवणे, हे वैमानिकाचे पहिले कर्तव्य होय.

४

या तत्त्वांचा व्यवहारात काय परिणाम होतो हे पाहण्यास जुहू ते चिकलठाणा हा प्रवास उदाहरणादाखल घेता येईल. सरळ रेषेत हे अंतर सुमारे २८० किलोमीटर असून सेसना १७२ सारख्या लहान विमानाला त्यासाठी साधारण दीड तास लागतो. प्रत्यक्ष मार्ग हवाई नियंत्रण कक्षाच्या अनुज्ञेनुसार ठरतो. तथापि नकाशावर सरळ रेषा ओढली असता ती सह्याद्री ओलांडताना हरिश्चंद्रगडाच्या परिसरावरून जाते. या गडाची उंची १,४२४ मीटर, म्हणजे सुमारे ४,६७० फूट.

वैमानिकाने ५,५०० फुटांवर बटन दाबले असे मानू. कागदावर गडमाथा व विमान यांमध्ये ८३० फुटांचे अंतर राहते. पण मुंबईहून निघताना लावलेला दाब घाटाच्या बाजूस ७ हेक्टोपास्कलने कमी असेल, तर काय होईल? एका हेक्टोपास्कलमागे सुमारे २८ फूट या हिशेबाने विमान जवळजवळ २०० फूट खाली असेल. काटा ५,५०० वर स्थिर, यंत्र आपल्या कामात चोख, आणि अंतर मात्र सव्वासहाशे फुटांच्या आसपास. यंत्राने काही चूक केलेली नाही. त्याने जो दाब धरला तोच दाब येथे अधिक खाली मिळतो, म्हणून ते अधिक खाली आले. हवा प्रमाणापेक्षा थंड असेल तर विमान दाखविलेल्या उंचीहून आणखी खाली असते. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात उलट प्रकार होऊन ते काहीसे वर राहते. डोंगर ओलांडण्यास ७,५०० फूट निवडणे व वाटेत नियंत्रण कक्षाकडून ताजा दाब घेत राहणे, हा यावरील साधा उपाय आहे.

५

येथवर दाबाचा विचार झाला. याहून गंभीर बाब निराळीच आहे. लहान विमानातील ऑटोपायलटला सामान्यतः एलिव्हेटर हलविता येतो, थ्रॉटल हलविता येत नाही. म्हणजे विमानाचे नाक त्याच्या ताब्यात असते. इंजिनाची शक्ती नसते. विमानाला हवेत धरून ठेवणारी उचल दोन गोष्टींवर अवलंबून असते : वेग आणि पंखांचा वाऱ्याशी होणारा कोन. वेग घटला तर तेवढीच उचल मिळविण्यास कोन वाढवावा लागतो. कोन वाढला की हवेचा विरोधही वाढतो, त्यामुळे वेग आणखी घटतो. शेवटी अशी मर्यादा येते की, वारा पंखांच्या वरच्या पृष्ठभागास धरून वाहत नाही आणि उचल एकाएकी मोडते. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात.

पुन्हा सह्याद्रीकडे वळू. पावसाळ्याच्या आगेमागे पश्चिमेकडून जोराचा वारा वाहत असेल, तर तो कोकणकड्यासारख्या कड्यांवर आदळून वर चढतो आणि माथा ओलांडल्यावर पूर्वेच्या अंगास खाली उतरतो. पूर्वेकडे निघालेले विमान प्रथम चढत्या वाऱ्यात सापडते. यंत्र नाक खाली करते, वेग वाढतो, वैमानिकाला समाधान वाटते. माथ्यापलीकडे वारा खाली ढकलू लागतो. यंत्र नाक वर करू लागते, वेग घटू लागतो. या सर्व काळात उंचीचा काटा जवळपास स्थिर असतो. हाताने विमान चालविणाऱ्याला सुकाणूवरील बदलत्या ताणावरून ही बातमी तत्काळ कळली असती. यंत्राने तो ताण स्वतःकडे घेतल्यामुळे ही बातमी आता एकट्या वेगमापकावरच वाचावयास मिळते.

कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू लागल्यासही हेच घडते. दमट हवेत बाहेर २० अंश तापमान असतानाही असे होऊ शकते. इंजिनाची शक्ती हळूहळू कमी होते, आणि यंत्र वेग खर्ची घालून उंची टिकविते. त्यामुळे बिघाड दिसण्याऐवजी झाकला जातो. त्यात उन्हाळ्याची भर पडते. चिकलठाण्यास दुपारी ४० अंश तापमान असेल, तर तेथील हवा प्रमाण हवेच्या मानाने सुमारे ५,३०० फुटांवरील हवेइतकी विरळ असते. धावपट्टीवरच ही स्थिती असल्यावर वर गेल्यानंतर इंजिनाजवळ राखीव शक्ती थोडीच उरते. उतरत्या वाऱ्याचा वेग विमानाच्या चढण्याच्या क्षमतेहून अधिक झाला, तर उंची टिकविणे कोणालाच शक्य नसते. अशा वेळी शहाणा वैमानिक बटन सोडतो, वेग राखतो आणि थोडी उंची जाऊ देतो. यंत्राला हा विवेक नाही. ते उंची न सोडता वेग सोडत राहते.

मोठ्या विमानांतही असे घडल्याची नोंद आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलो शहराजवळ उतरण्याच्या बेतात असलेल्या एका प्रवासी विमानाचा ऑटोपायलट २,३०० फूट उंची धरून होता. इंजिनांची शक्ती कमी केलेली, चाके व फ्लॅप बाहेर काढलेले. त्यामुळे वेग झपाट्याने घटला. धोक्याची सूचना होऊन ऑटोपायलट सुटला, तेव्हा वैमानिकाने नाक खाली करण्याऐवजी वर ओढले. विमानातील ४९ व जमिनीवरील एक अशी ५० माणसे मरण पावली. यंत्राने शेवटपर्यंत आपले काम केले होते. वेगाकडे लक्ष देणे हे त्याचे काम नव्हते.

६

याच्या नेमका उलट प्रकार २९ डिसेंबर १९७२ रोजी फ्लोरिडातील मायामी शहराजवळ घडला. चाकाच्या दिव्याचा एक लहानसा बल्ब का लागत नाही हे पाहण्यात विमानातील सर्व अधिकारी गढून गेले होते. विमान २,००० फुटांवर ऑटोपायलटच्या स्वाधीन होते. सुकाणूवर नकळत पडलेल्या दाबाने उंची धरण्याची व्यवस्था सुटली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. सूचनेचा बारीकसा आवाज झाला, पण तो कोणाच्या ध्यानात आला नाही. विमान हळूहळू उतरत दलदलीत कोसळले आणि सुमारे शंभर माणसे प्राणास मुकली. एका घटनेत यंत्राने धरून ठेवले म्हणून हानी झाली. दुसरीत सोडले म्हणून. दोहोंत समान एवढेच की, त्या क्षणी यंत्र काय करीत आहे याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

या दोन टोकांमधून काही साधे नियम निघतात. बटन दाबण्यापूर्वी विमान हाताने समपातळीत आणावे, शक्ती ठरवावी, ट्रिम लावावा आणि मगच काम यंत्राकडे सोपवावे. दाबल्यावर तबकडीवर तीच अक्षरे उमटली आहेत ना, हे वाचावे. दाबणे म्हणजे सुरू होणे नव्हे. काही मिनिटांच्या अंतराने उंची, वेग, इंजिन व दाब ही चार मापे क्रमाने पाहावी. यंत्र चालू असताना सुकाणूशी झगडू नये. हाताने नाक वर ओढले तर यंत्र त्याला चूक समजून उलट दिशेने ट्रिम फिरवीत राहते, आणि शेवटी ते सुटले की साचलेला सारा ताण एकदम हातावर येतो. सुकाणूवरील सोडण्याची कळ न पाहता बोटाला सापडली पाहिजे. जोराच्या खळबळीत उंची धरण्याचा आग्रह सोडून विमान समतोल ठेवण्यावर समाधान मानावे. पुस्तिकेत सांगितलेल्या किमान उंचीखाली यंत्र वापरू नये.

७

शेवटी पुन्हा शब्दांकडे येणे अप्रस्तुत होणार नाही. इंग्रजीतील ‘होल्ड’ या क्रियापदासाठी मराठीत दोन शब्द सहज सुचतात : ‘धरणे’ आणि ‘राखणे’. लहान मूल दोर धरते, शेतकरी शेत राखतो. धरण्याला मूठ पुरते. राखण्याला डोळे लागतात, काळवेळेचे भान लागते, आणि काय सोडावे व काय सोडू नये याचा निर्णय लागतो. शेतातले बुजगावणे रात्रंदिवस आपली जागा धरून असते, पण म्हणून कोणी त्याला राखणदार म्हणत नाही.

या दृष्टीने पारिभाषिक संज्ञांची योजना करताना ऑटोपायलटच्या या कार्यास ‘उंची राखणे’ न म्हणता ‘दाबपातळी धरणे’ म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. तसेच ‘समुद्र-उंची’, ‘भू-उंची’ व ‘स्थल-उंची’ अशी जोडनावे योजिली, तर गाळलेले ‘-पासून’चे पद शब्दातच येऊन बसेल आणि विद्यार्थ्याला ते दर वेळी आठवावे लागणार नाही. संज्ञा रूढ होवोत वा न होवोत, त्यांमागील भेद वैमानिकाच्या मनात जागा राहिला म्हणजे हेतू साधला. छावणीच्या मैदानातून वर पाहणाऱ्या गृहस्थाला ‘उंची’ हा एक शब्द पुरेसा आहे. ते विमान जो चालवीत आहे, त्याला तो पुरेसा नाही. यंत्र त्याच्यासाठी एक दाब धरून ठेवील. उंची मात्र त्याने स्वतःच राखावयाची असते.